कानाचं वळण

तंबोऱ्याची जवारी गेली होती, म्हणून मागच्या पावसाळ्यात मिरजेला सतारमेकर गल्लीत गेले. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या आवाजातली ती घुमणारी झणक. तार घोडीवरून जाते तिथं ती घोडीच्या पाठीला अगदी ओझरती घासत राहते, आणि त्यामुळं मूळ स्वरासोबत त्याच्या वरचे बारीक बारीक स्वरही ऐकू येतात. घोडी झिजली की आवाज कोरडा पडतो. मग कारागीर कानशीनं घोडी घासतो, तारेखालचा सुताचा धागा केसभर पुढं-मागं सरकवतो, तार छेडून बघतो, पुन्हा घासतो. बघणाऱ्याला कंटाळा यावा असं काम आहे.

कारागीर चाचांनी तार छेडली. मी म्हटलं, "झालं की." कोपऱ्यात त्यांचा नातू मोबाईलवर गेम खेळत बसला होता, आठ-नऊ वर्षांचा असेल. मान वर न करता तो म्हणाला, "अजून मिटलेलीच हाय." चाचांनी काही न बोलता कानस उचलली. पाच मिनिटांनी आवाज असा उघडला की आधीचा मिटलेला होता हे मलाही कळलं.

मी पंधरा वर्षं गाणं शिकतेय. या पोरानं पेटीला हात लावलेला नाही. "ह्याला तुम्ही शिकवलंत का?" म्हणून विचारलं, तर चाचा हसले. "शिकवायचं काय त्यात? पाळणा हितंच बांधला हुता."

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ही वस्तू याच गावची असा सरकारी दाखला, मिळालं. त्या कागदावर लाकूड, भोपळा, कारागिरी हे सगळं बसवता येतं. या पोराचा कान कुठं बसवणार?

पाळणा कुठं बांधलेला होता आणि मोठेपणी काय ऐकावंसं वाटतं, या दोन गोष्टींचा संबंध गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बराच तपासून झाला आहे. 'सगळं लहानपणीच ठरतं' इतकं सरळ उत्तर मिळालेलं नाही. कान घडतो एका वयात आणि गाणी जीव लावतात दुसऱ्याच वयात. मधे दहा-बारा वर्षं जातात. आपण या दोन्हींना मिळून 'आवड' म्हणतो आणि तिथंच गोंधळ होतो.

सुरुवात खरं तर पाळण्याच्याही आधी होते. सहाव्या-सातव्या महिन्यापासून पोटातल्या बाळाला ऐकू येऊ लागतं. कसं, याचा अंदाज घ्यायचा असेल तर शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीला कान लावून ऐकावा. शब्द कळत नाहीत, बारीक आवाज भिंतीतच अडतात, पण चाल आणि ठेका अलीकडं पोचतो. आईचा आवाज मात्र तिच्या अंगातूनच येतो, म्हणून तो बाकी सगळ्यांपेक्षा ठळक.

1980 साली अमेरिकेत एक गमतीचा प्रयोग झाला. दोन-तीन दिवसांच्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू येणार, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज येईल अशी लय धरली. पुढं 1988 मध्ये बेलफास्टच्या एका संशोधकानं पाहिलं, की गरोदरपणात टीव्हीवरची एक मालिका नेमानं बघणाऱ्या बायकांची बाळं त्या मालिकेची शीर्षकधून लागली की शांत होऊन कान देतात. आणि 2013 मध्ये हेलसिंकीत काही गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत 'ट्विंकल ट्विंकल'ची चाल आठवड्यातून बरेचदा लावायला सांगितली. जन्मल्यावर त्या बाळांच्या मेंदूनं ती चाल ओळखली, आणि चार महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही ती ओळख टिकून होती.

इथं थांबून एक सांगायला हवं, कारण गर्भसंस्काराच्या सीड्या विकणारे लोक याच प्रयोगांची नावं घेतात. बाळाला चाल ओळखीची होते, एवढंच यातून सिद्ध झालंय. बाळ हुशार होतं असं कुठंही निघालेलं नाही. मोझार्ट ऐकल्यानं बुद्धी वाढते ही जी आख्यायिका आहे, तिच्या मुळाशी 1993 चा एक छोटा प्रयोग आहे. तो बाळांवर झालाच नव्हता. कॉलेजच्या 36 मुलांवर झाला होता, आणि आकृत्यांच्या कोड्यांत त्यांना जो काही फायदा झाला तो दहा-पंधरा मिनिटांत विरून गेला. तरी 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं नवजात बाळांच्या घरी अभिजात संगीताच्या सीड्या पोचवण्याची योजना आणली. सरकारं सगळीकडं सारखीच.

कानाला खरं वळण लागतं ते पहिल्या वर्षात, आणि ते कसं लागतं हे भाषेच्या उदाहरणावरून पटकन कळतं. परदेशी पाहुण्याला 'ताक' आणि 'टाक' एकच वाटतं. आपण हसतो. पण 1984 मध्ये कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले, तेव्हा सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक सहज कळला. त्याच घरांतली दहा-बारा महिन्यांची बाळं तो फरक हरवून बसलेली होती. त्यांचे कान बिघडले नव्हते. जे घरात कधी कामाला येत नाही, त्याकडं लक्ष देणं मेंदूनं सोडून दिलं होतं.

संगीतातही हेच. 2005 मध्ये एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी उत्तर अमेरिकेतल्या लोकांना बाल्कन देशांतली सात मात्रांच्या विषम ठेक्यातली गाणी ऐकवली आणि मधेच ठेका मोडला. मोठ्यांना साध्या ठेक्यातली मोडतोड लगेच कळायची, सातातली कळायची नाही. सहा महिन्यांच्या बाळांना दोन्ही कळायच्या. वर्षाची झाली की बाळंही आईबापांसारखीच व्हायची.

हा प्रयोग वाचला तेव्हा मला आधी गंमत वाटली ती त्या 'विषम' शब्दाची. सात मात्रा म्हणजे आपला रूपक ताल: तीन, दोन, दोन. ज्या घरात नाट्यसंगीत वाजतं, शेजारी कुणाचा तबल्याचा क्लास आहे, तिथल्या पोराला यात अवघड काय वाटणार? सांगली तर नाटकाचं गाव. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीतास्वयंवर' केलं. ताल सोपा की अवघड हे तालात नसतंच, ते कान कुठल्या गावचा आहे यावर असतं.

आमच्याकडं ऊस लावायच्या आधी सऱ्या पाडतात. सऱ्या पडेपर्यंत पाणी कुठंही पसरतं. एकदा पडल्या की पाणी सरीनंच जातं, वाया जात नाही, पण दुसरीकडं वळवायचं तर खोरं घेऊन उतरावं लागतं. पहिल्या वर्षात मेंदू अशाच सऱ्या पाडतो. कुठल्या स्वरानंतर कुठला येतो, जोर कितव्या मात्रेवर पडतो, 'जुळलेला' आवाज कसा असतो. सूर गोड कुठला आणि कडू कुठला, हेसुद्धा वाटतं तितकं जन्मजात नसावं. बोलिव्हियातल्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांना 2016 च्या एका अभ्यासात पाश्चात्त्य कानांना सुरेल वाटणारे आणि खुपणारे असे दोन्ही प्रकारचे स्वरमेळ ऐकवले. त्यांना दोन्ही सारखेच बरे वाटले.

आता माझ्या आजीकडं येते. आजीचं माहेर आटपाडीकडचं. तिच्या घरी जातं होतं आणि विजेची गिरणी गावात आल्यावरही ती सणासुदीचं थोडं दळण जात्यावरच दळायची. मी अगदी लहान असताना तिच्या पसरलेल्या मांडीवर आडवी पडलेली असायचे, असं आई सांगते. मला ते आठवत नाही. पण जात्याचा एक फेरा, त्यात पुढं झुकणं आणि मागं येणं, आणि त्या झोक्यावर बसवलेली ओवी हे जेव्हा कुठं कानावर पडतं, तेव्हा माझं अंग आपोआप हलतं. हे मी बरीच वर्षं नुसतं भावनिक समजत होते.

मग 2005 चाच आणखी एक प्रयोग वाचनात आला. सात महिन्यांच्या बाळांना असा ठेका ऐकवला, ज्यात जोर कुठंच नव्हता. दोन-दोनचा म्हटलं तर तसा, तीन-तीनचा म्हटलं तर तसा. ऐकताना काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला हातात धरून झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर दोन्ही प्रकारे जोर दिलेले ठेके ऐकवले. ज्या बाळाला जसं झुलवलं होतं, तसा ठेका त्यानं जास्त वेळ ऐकला. दुसऱ्याला झुलताना नुसतं बघितलेल्या बाळांवर असा परिणाम झाला नाही. म्हणजे ठेका नुसता कानानं नाही, अंगानंही शिकला जातो. आजीची मांडी ही माझी पहिली तालीम होती, म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झालेल्या आहेत. शब्द टिकून राहिले हे फार मोठं काम झालं. ज्या मांडीवर त्या ऐकू यायच्या, ती मांडी मात्र कुठल्या संग्रहात ठेवता येत नाही.

आणि कोण गातंय यानंही फरक पडतो. 2016 मध्ये पाच महिन्यांच्या बाळांवर एक अभ्यास झाला. काही घरांत आई किंवा बाबा एक नवी चाल आठवडा-दोन आठवडे बाळाला गाऊन दाखवायचे. काही घरांत तीच चाल एका खेळण्यातून वाजायची. नंतर बाळासमोर दोन अनोळखी माणसं आणली, एक ती चाल गाणारं, दुसरं वेगळी. आईबापांच्या तोंडून चाल ऐकलेली बाळं ती गाणाऱ्या परक्याकडं जास्त बघत राहिली. चाल त्यांच्या लेखी आपल्या माणसांची खूण झाली होती. खेळण्यातून ऐकलेल्या बाळांना त्याचं काही नव्हतं. पाळण्यावर वाजणारं चिनी खेळणं टांगून आपण कामाला लागतो, तेव्हा हे आठवायला हरकत नाही. आवाज बरा नसलेली आई त्या खेळण्यापेक्षा कधीही सरस.

एवढं सगळं झालं तरी बाळाला 'आवडतं गाणं' नसतं. त्याला व्याकरण मिळालेलं असतं. व्याकरणाचा आवडीशी संबंध कसा, हे मला सर्वांत छान मैफलीत कळतं. तबलजी आणि गायक आवर्तनाच्या शेवटाकडं येतात, अख्ख्या सभागृहाच्या माना आधीच खाली यायला लागतात, आणि समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, एकदम 'वाऽ' येतं. 2011 मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी आवडतं संगीत ऐकणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिन कधी आणि कुठं स्रवतं ते मोजलं. डोपामिन हे मेंदूतलं एक रसायन. चांगलं काही मिळणार असलं की आणि मिळालं की, दोन्ही वेळा ते कामाला येतं. अंगावर काटा येण्याच्या क्षणी ते मेंदूच्या एका भागात स्रवलं. पण त्याच्या काही सेकंद आधी, 'आता येणार, आता येणार' या वाट बघण्यात, ते दुसऱ्याच भागात स्रवत होतं. सम येते तेव्हाचा आनंद आणि सम येणार याचा आनंद असे हे दोन वेगळे आनंद आहेत. आणि दुसरा आनंद फक्त त्यालाच मिळतो, ज्याच्या कानाला सम कुठं आहे हे ठाऊक असतं. परक्या संगीतात सम आल्यावर आपण दचकतो, येण्याआधी झुकत नाही. त्याला आपण 'हे काय मला आवडत नाही बुवा' असं म्हणून मोकळे होतो.

आता दुसऱ्या वयाकडं. 1989 मध्ये अमेरिकेत 108 जणांना 1932 ते 1986 या काळातल्या 28 लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि कुठलं किती आवडतं ते विचारलं. वयाप्रमाणं आलेख काढला तर लोकांना सर्वांत प्रिय होती ती गाणी, जी ते साधारण साडेतेवीस वर्षांचे असताना आलेली. 2018 मध्ये स्पॉटिफायवरच्या ऐकण्याच्या आकड्यांवरून वय आणखी खाली आलं: बायका 11 ते 14 या वयात आलेल्या गाण्यांना चिकटून असतात, पुरुष 13 ते 16. पहिल्यात काय आवडतं ते विचारलं होतं, दुसऱ्यात लोक प्रत्यक्षात काय ऐकतात ते पाहिलं होतं, त्यामुळं आकडे जुळत नाहीत. पाळणा मात्र दोन्हीकडं नाही.

का? एक तर त्या वयात मेंदूची बक्षिसाची यंत्रणा भलतीच तल्लख असते, सगळंच जास्त गोड आणि जास्त कडू लागतं. दुसरं, आयुष्यातल्या पहिल्यावहिल्या गोष्टी त्याच वर्षांत गर्दी करतात. म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा उंचवटा दिसतो, आणि गाणी त्या उंचवट्यावर बसलेली असतात. तिसरं कारण मला सर्वांत पटतं. त्या वयात गाणं म्हणजे आपण कोण आहोत याची पाटी असते. घरच्यांपासून वेगळं व्हायचं असतं आणि कुणाच्या तरी टोळीत शिरायचंही असतं. आज गणपतीत आमच्या चौकात डॉल्बीपुढं नाचणारी पोरं त्यांच्या पन्नाशीत तसलाच एखादा बास ऐकून डोळे पुसतील. मी तोवर बहिरी झालेली असेन, त्याच डॉल्बीमुळं.

1992 साली मी तेरा वर्षांची होते. सांगलीत तेव्हा रेकॉर्डिंगची दुकानं होती. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहायची, कोरी कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी भरून आणायची. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, जेमतेम सहा गाणी. दादाबरोबर पाठवलेल्या माझ्या यादीत दुकानदाराचा हिशेब चुकला आणि 'ए' बाजूचं शेवटचं गाणं दुसऱ्या अंतऱ्यात, एका शब्दाच्या मधोमध तुटलं. खट्ट. दादा भांडायला गेला तर "बारकी गाणी लिहायची हुती" म्हणून त्यालाच सुनावलं. ती कॅसेट मी तीन-चार वर्षं रोज ऐकली. आता तेच गाणं मोबाईलवर अखंड ऐकू येतं. पण त्या शब्दापाशी आलं की माझा कान अजून त्या 'खट्ट'ची वाट बघतो, आणि गाणं तसंच पुढं गेलं की क्षणभर ते मला परकं वाटतं. कुणीतरी माझ्या गाण्याला शेपूट जोडल्यासारखं.

चूक आवडली होती अशातला भाग नाही. पण शेकडो वेळा ऐकलेल्या गोष्टीची मेंदू वाट बघायला शिकतो, आणि वाट बघितलेलं मिळालं की सुखावतो. नुसती ओळख वाढली तरी पसंती वाढते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्येच दाखवलं होतं. त्यानं अर्थ नसलेले शब्द आणि अनोळखी आकृत्या वापरल्या होत्या, तरीसुद्धा. याला मर्यादा आहे. एकच गाणं लग्नाच्या सीझनमध्ये दोन महिने सगळ्या मांडवांत वाजलं की काय होतं ते सर्वांना माहीत आहे. पसंती चढते, माथ्यावर पोचते आणि उतरते.

या दोन वयांच्या मधोमध कधी कधी वीज पडते. गदगमधला एक लहान मुलगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून असा झपाटला, की 1933 मध्ये, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घरातून पळाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले. त्यांची कबर इथल्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गायक येऊन गातात. मिरजेच्या माणसाला ही गोष्ट सांगायला फार आवडते. मीही सांगितली. पण एका भीमसेनांवरून नियम काढू नये. तीच तबकडी त्या दुकानासमोरून जाणाऱ्या आणखी किती पोरांनी ऐकली असेल, आणि ती सगळी संध्याकाळी जेवायला घरी गेलीच की.

घरातून येणारा वारसा मात्र नियम म्हणण्याइतका पक्का दिसतो. 2013 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विशीतल्या मुलांना गेल्या पाच दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली. स्वतःच्या काळातली आवडणार हे ठरलेलंच. पण आलेखात आणखी एक उंचवटा निघाला, 1980 च्या आसपासचा, म्हणजे त्यांचे आईवडील तरुण होते तेव्हाचा. आणि त्याच्याही मागं, 1960 च्या दशकात, एक छोटा उंचवटा. तो बहुधा आजी-आजोबांचा. मुलं जन्मण्याआधीची गाणी मुलांना जवळची वाटत होती, कारण घरात, गाडीत, स्वयंपाक करताना ती वाजत होती.

आपल्याकडचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला गीतरामायण लागायचं. एकूण 56 गाणी. लिहिणारे ग. दि. माडगूळकर इथले, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे. आमचे आप्पा तेव्हा सात वर्षांचे होते. गावात रेडिओ एकाच घरी, आणि त्या वेळेला अंगणात चपलांचा ढीग पडायचा, असं ते सांगतात. मला ती गाणी आप्पांच्या दाढी करतानाच्या गुणगुणण्यातून पाठ झाली, साबणाच्या वासासकट. माझ्या लेकीला विचारलं तर ती म्हणते, "मला नाही आवडत ते जुनं." आणि मग चित्र काढताना तिच्या तोंडून त्यातलीच एक ओळ येते. तिला ती आवडते की नुसती ओळखीची आहे, हे तिलाही सांगता येणार नाही. मलाही माझ्याबद्दल सांगता येत नाही.

मोठ्यांचे कान वळवता येतात का? सरकारनं एकदा प्रयत्न केला होता. 1952 मध्ये नभोवाणी खातं बी. व्ही. केसकर यांच्याकडं आलं. लोकांना शास्त्रीय संगीताची गोडी लागावी म्हणून त्यांनी सिनेमाच्या गाण्यांवर अशी काही गदा आणली की ती आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशीच झाली. लोक मुकाट्यानं शास्त्रीय संगीत ऐकत बसले नाहीत. त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला सरकारलाच विविधभारती सुरू करावी लागली. मला केसकरांचा राग येत नाही, हेतू चांगला होता. पण गाण्यातले राग लोकांच्या कानात आधीच होते. भजनातून होते, नाटकातून होते, आणि सिनेमाची कितीतरी गाणी त्याच सरीतून वाहत होती. वाहतं पाणी अडवून शेत भिजत नाही.

हुकमानं नाही, पण सवयीनं कान वळतो. बाल्कन ठेक्याच्या त्या प्रयोगाचं एक शेपूट मी वर सांगितलं नाही. वर्षाच्या बाळांना ती गाणी दोन आठवडे घरी थोडी थोडी ऐकवली, तर त्यांना मोडलेला ठेका पुन्हा कळायला लागला. मोठ्यांना तेवढ्याच दिवसांत तेवढं जमलं नाही. त्यांना खोरं घेऊन उतरावं लागतं. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी कर्नाटक संगीत ऐकायला सुरुवात केली. पहिले चार महिने सगळ्या कृती, म्हणजे तिथल्या रचना, एकच वाटायच्या आणि गमक म्हणजे स्वर हलवून ठेवल्यासारखा. चिकाटी म्हणून ऐकलं नाही, स्वयंपाक करताना नुसतं लावून ठेवलं. एक दिवस पोळी तव्यावर असताना माझी मान खाली आली, आणि पुढच्या ठोक्याला ताल खरंच तिथं होता. पोळी करपली.

या बहुतेक अभ्यासांतली माणसं अमेरिका, कॅनडा, युरोपातली आहेत, हे विसरून चालणार नाही. जिथं एकाच दिवसात पहाटे काकडा, दुपारी रिक्षातलं सिनेमाचं गाणं, संध्याकाळी हलगी-घुमकं आणि रात्री हरिपाठ कानावर पडतो, तिथला कान एका वळणाचा नसणार, असं मला वाटतं. आमच्या गल्लीतल्या एक आक्का आता कुणाला ओळखत नाहीत. मुलाला 'पाव्हणं कुठलं?' असं विचारतात. कार्तिकात देवळातून काकड्याचे टाळ ऐकू आले की ओठ हलायला लागतात, आणि शब्द चुकत नाहीत. ओळखीच्या गाण्यांची आठवण मेंदूच्या ज्या भागांत असते, त्यांची झीज अल्झायमरमध्ये तुलनेनं उशिरा होते, असं 2015 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. तो वाचला तेव्हा मला आक्काच आठवल्या. त्या काकड्याला पहिल्यांदा गेल्या तेव्हा कुणाच्या तरी कडेवर असणार.

गेल्या महिन्यात तार बदलायला पुन्हा मिरजेला गेले. चाचांचा नातू तिथंच होता, एका कानात हेडफोन, दुसरा लोंबत. "काय ऐकतोयस?" म्हटलं, तर त्यानं लोंबता हेडफोन माझ्या हातात दिला. आत एक पोरगा प्रचंड वेगानं काहीतरी बोलत होता आणि खाली ढोल धडधडत होता. मला एक अक्षर कळलं नाही. "भारी हाय ना?" तो म्हणाला. तेवढ्यात चाचांनी नवी तार चढवून, मधल्या एकाच स्वराच्या जोडीसकट, चारही तारा एकदा छेडल्या. पोरानं गाणं थांबवलं नाही, माझ्याकडं बघायचंही थांबवलं नाही. नुसतं म्हणाला, "जोडीतली एक उतरलीया."